वाघोबाला शेंदूर, वालधुनीत सांडपाणी: देव, चित्र आणि निसर्गाचं नक्की काय नातं?

भाद्रपद जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. बघा आपले सगळे सण कसे निसर्गाशी जोडलेले आहेत, नागाला दूध, वडाला दोरा, गणपतीला पत्री, आपले पूर्वज किती पुढचा विचार करायचे वगैरे वगैरे. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. आणि आठवडाभरात त्याच ग्रुपवर कुणीतरी विचारतं की निर्माल्याची पिशवी कळवा पुलावरून खाडीत टाकली तर चालते का, की दंड करतात. मला यात कुणाची चेष्टा करायची नाहीये, दोन्ही मेसेज टाकणारी माणसं साधी सरळ असतात, बऱ्याचदा तर तो एकच माणूस असतो. पण प्रश्न खराच भारी आहे. निसर्गाला देव मानलं, त्याची चित्रं काढली, मूर्ती घडवल्या, तर माणूस निसर्गाला जास्त सांभाळतो का? अभ्यासक यावर साठेक वर्षं भांडतायत, आणि गंमत म्हणजे त्या भांडणातल्या प्रत्येक मुद्द्याला लागेल ते उदाहरण आपल्याला ठाणे-पालघर-नवी मुंबईत बसल्या जागी मिळतं.

आधी भांडण काय ते सांगतो, थोडक्यात. 1967 साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की पर्यावरणाची आजची वाट लागली त्याचं मूळ नुसत्या यंत्रांत शोधू नका, ते धर्मात आहे. युरोपात पूर्वी प्रत्येक झाडाचा, झऱ्याचा, टेकडीचा आपापला राखणदार आत्मा असायचा, झाड तोडायचं तर आधी त्याची समजूत घालावी लागायची. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती धर्माने ते सगळं मोडीत काढलं, माणूस वेगळा आणि वरचा, बाकी सृष्टी त्याच्या वापरासाठी, असं मनात बसवलं, आणि मग झाड हे नुसतं लाकूड झालं. याला पुरावा म्हणून त्याने इतर गोष्टींबरोबर चित्रंही दिली, आणि मला ते फार आवडलं. जुन्या सचित्र कॅलेंडरांत बारा महिने म्हणजे बारा आकृत्या, नुसत्या उभ्या असलेल्या. इसवी सन 830 च्या थोडं आधी पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांची नवी कॅलेंडरं आली त्यात मात्र माणसं कामाला लागलेली दिसतात, नांगरतायत, कापणी करतायत, झाडं तोडतायत, डुकरं कापतायत. म्हणजे माणूस आता निसर्गात उभा नाही, त्याच्या अंगावर धावून चाललाय. चित्र बदललं म्हणजे डोक्यातलं काहीतरी बदललं, असा त्याचा तर्क.

हा लेख प्रचंड गाजला, आणि त्याचा आपल्याकडचा सोयीस्कर अर्थ म्हणजे वरचा तो सोसायटीचा मेसेज. ते लोक वाईट, आपण निसर्गपूजक, विषय संपला.

पण पुढच्याच वर्षी, 1968 ला, यी-फू तुआन नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकाने एक शांत टाचणी लावली. तो जन्माने चिनी. त्याने सांगितलं की बाबांनो, चीनकडे बघा जरा. डोंगर-पाण्याची चित्रं काढण्यात चिन्यांचा हात धरणारं कोणी नाही, त्यात माणूस एवढासा, धुक्यात हरवलेला, डोंगर अजस्त्र. धर्म आणि तत्त्वज्ञानही निसर्गाशी जुळवून घ्या असंच सांगणारं. आणि तरीही शतकानुशतकं चीनची जंगलं साफ होत गेली. शेतीसाठी झाली, शहरं बांधायला झाली, बौद्ध मठांच्या लाकडी इमारतींसाठी झाली, आणि ऐका, शाईसाठी पण झाली. चित्रकार आणि लेखनिक वापरायचे ती काळी शाई पाइनचं लाकूड जाळून धरलेल्या काजळीची. म्हणजे डोंगरावरचे पाइन जाळायचे आणि त्यांच्या काजळीने कागदावर डोंगर आणि पाइन काढायचे. टांग राजवटीपर्यंत (सातवं ते दहावं शतक) काही डोंगर यापायी बोडके व्हायला लागले होते.

तुआनचं म्हणणं एवढंच की मनातलं आणि हातातलं यात फरक असतो. धर्म सुंदर बोलतो, चित्र सुंदर दिसतं, आणि कुऱ्हाड आपली चालूच राहते.

हे आपल्याकडे लावून बघायचं तर अंबरनाथला जा. शिवमंदिराला जवळजवळ हजार वर्षं होत आली, तिथल्या शिलालेखात शके 982 म्हणजे इसवी सन 1060 आहे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. काळ्या बसाल्टवर एक इंच जागा रिकामी सोडलेली नाही, हत्तींच्या रांगा, हंस, कमळं, वेलबुट्टी, देवदेवतांच्या आणि बायकांच्या मूर्ती, आणि गाभारा आपण चढून जातो तसा नाही तर पायऱ्या उतरून खाली, डोक्यावर शिखराचा भाग उघडा. डोंगराच्या पोटात उतरल्यासारखं वाटतं आणि मान वर केली की आभाळ. घडवणाऱ्यांना पाणी, दगड, आकाश या गोष्टी कळत होत्या याबद्दल शंकाच नको. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. आणि मंदिराला लागून वाहते ती वालधुनी. नदी. आता तिला नदी म्हणायला जीभ अडखळते, कारखान्यांचं आणि वस्त्यांचं पाणी पोटात घेऊन ती पुढे जाते आणि बाहेरून आलेला माणूस तिला सरळ नाला म्हणतो. भक्ती कमी पडली म्हणाल तर तसंही नाही, गर्दी दर वर्षी वाढतीच आहे. फक्त त्या भक्तीत नदी मोजलीच जात नाही. लोक देवळात येतात, हात जोडतात, नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतात.

मग व्हाइट चुकला का? पूर्ण नाही. मला विचाराल तर दोघांच्या मधे एक गोष्ट सुटते, ती म्हणजे अट. देवाच्या मूर्तीबरोबर किंवा चित्राबरोबर एखादी अट आलेली असेल, म्हणजे हे कर, हे करू नकोस, एवढंच घे, या दिवशी जाऊ नकोस, आणि ती मोडली तर विचारणारं कुणी असेल, तर त्या श्रद्धेचा निसर्गाला उपयोग होतो. अट गळून पडली आणि मूर्ती तेवढी राहिली, की ती ‘येथे गाडी लावू नये’ या पाटीसारखी होते, वॉचमन नसलेल्या गेटवरच्या. पाटी सुबक असते, गाड्याही लागतात.

अट म्हणजे काय हे बघायला वाघोबासारखं उदाहरण नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने, इकडे येऊरचे पाडे, तिकडे आरे, आणि पुढे पालघर जिल्हाभर वारली वस्त्यांच्या वेशीवर वाघोबाची ठाणी आहेत. कुठे उभी लाकडी फळी, कुठे दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य, कधी नाग, आणि सगळ्यावर शेंदराचे थर. कोरीव काम अगदी मोजकं. वाघाचं तोंड बऱ्याचदा असं असतं की मांजर आहे की वाघ कळू नये, पण शहरातून गेलेल्या माणसाला हसू आलं तरी त्याने ते तिथे दाबावं, कारण ते चित्र बघायला लावलेलंच नाहीये, ते कराराचं चिन्ह आहे.

करार कसला, तर त्याची गोष्ट सांगतात. एका मुलीला लग्नाआधीच मूल होतं. तो पोरगा वाढतो आणि त्याचा वाघ व्हायला लागतो, गावाची गुरं मारतो. गाव चिडतं, मारायला निघतं. मग आई मधे पडते आणि तोडगा निघतो की गाव याला देव मानेल, जागा देईल, वर्षातून एकदा त्याचा मान म्हणून कोंबडं-बकरं देईल, आणि त्याने माणसांना त्रास द्यायचा नाही. पाड्यागणिक गोष्ट थोडी बदलते, पण आई मधे पडते हे बहुतेक राहतंच. वर्षातला तो दिवस म्हणजे वाघबारस, दिवाळीच्या तोंडावर, अश्विन वद्य द्वादशीला. आता हीच तिथी आपल्याकडे वसुबारस म्हणून असते, गाय-वासराची पूजा. एकाच दिवशी एका घरी गायीला ओवाळतात आणि डोंगरापलीकडे गाय खाणाऱ्याला मान देतात. मला हे जेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कॅलेंडर दोनदा बघितलं.

2021 मध्ये या वाघोबांवर एक संशोधन प्रसिद्ध झालं. मुंबई उपनगर, ठाणे, पालघर पट्ट्यातली 150च्या आसपास ठाणी त्यात नोंदली आहेत. वाघ इथून कधीच गेला, आता फिरतो तो बिबट्या, पण वाघोबात दोघंही येतात. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की वाघोबाला मानणाऱ्या लोकांचं बिबट्याशी सगळं गोडीगुलाबीने चालतं असं अजिबात नाही. बकरी जाते, कोंबड्या जातात, भीती असते, राग येतो. फक्त तो राग मांडायला एक जागा आहे. नुकसान झालं तर माणूस आधी विचारतो की आपलं काही चुकलं का, मान द्यायचा राहिला का, ठाणं कुणी हलवलं का. बिबट्या दिसला की लगेच पिंजरा लावा म्हणून फोन करणं ही आपली टॉवरवाल्यांची पद्धत, आणि त्यात मीही आलो, घोडबंदर रोडला अमक्या कॉम्प्लेक्सच्या मागे बिबट्या दिसला असा व्हिडिओ आला की मीही खिडकी लावून घेतो. आपल्याकडे बिबट्याचा फोटो आहे, एचडीमधे, सीसीटीव्हीतून, अगदी मिशा मोजता येतील असा. त्यांच्याकडे मांजरासारखा दिसणारा वाघ आहे पण त्याच्याशी ठरलेलं काहीतरी आहे.

देवराईचंही, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाचंही तसंच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर काम केलं, 1976 चा त्यांचा लेख आजही लोक वाचतात. तिथली अट फार कडक, कुऱ्हाड तर नाहीच पण कित्येक ठिकाणी वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही. आणि देव कसा, तर बऱ्याचदा शेंदूर फासलेला एक अनघड दगड, ज्याला तांदळा म्हणतात, डोक्यावर छप्पर नाही, कारण देवाला छप्पर चालत नाही असं गाव सांगतं. म्हणजे झाडं हेच देऊळ. मग मुंबई-ठाण्यात कामाला असलेली गावची मंडळी वर्गणी काढतात, भक्तीभावानेच काढतात हं, आणि आरसीसी देऊळ उभं राहतं, टाइल्स, पेव्हर ब्लॉक, गाड्या लावायला जागा, आणि तांदळ्याच्या मागे नवी कोरी संगमरवरी मूर्ती जयपूरहून. या सगळ्याला जागा लागते, लाकूड लागतं, पैसा कमी पडला तर दोन मोठी झाडं विकलीही जातात. मूर्ती जितकी रेखीव होत गेली तितकी राई विरळ होत गेली, असं कोकणात कितीतरी ठिकाणी झालंय. कलेच्या इतिहासात याला प्रगती म्हणतील. मला म्हणवत नाही.

आता वारली चित्रांकडे येऊ, कारण ठाण्यात त्यांच्यापासून सुटका नाही. फ्लायओव्हरच्या खांबांवर आहेत, शाळेच्या भिंतीवर आहेत, कुडत्यावर, कपावर, लिफ्टच्या लॉबीत आहेत. 2014 पर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हा सगळा वारली भाग ठाणे जिल्ह्यातच होता, त्याच साली 1 ऑगस्टला पालघर वेगळा झाला. आणि आपल्याला वाटतं की वारली चित्र म्हणजे दोन त्रिकोण जोडून केलेली नाचणारी माणसं.

मूळ गोष्ट लग्नाची आहे. लग्न घरात असलं की झोपडीची आतली भिंत शेणाने, मग गेरूने सारवून घ्यायची, तांदूळ वाटून त्याचं पांढरं पाणी करायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा, आणि सवाशिणींनी मिळून चौक काढायचा. चौक म्हणजे खरंच चौकोन, त्याच्या चारी बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या एकात एक, साखळ्या लावल्यासारख्या बारीक, आणि मधोमध पालघट देवी, झाडापिकांची, सुफलतेची देवी. आजूबाजूला झाडं, चंद्र-सूर्य, शिडी, फणी, बाशिंग. शेजारी लहान चौकात पंचशिऱ्या, पाच डोक्यांचा देव. हा चौक असल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच, ती गाणी म्हणते. म्हणजे इथे चित्र हे सजावट म्हणून शेवटी येत नाही, ते विधीचाच एक भाग आहे, नसेल तर विधी अपुरा. आणि ज्या देवीला बोलवायचं ती झाडापिकांची, त्यामुळे नवरा-नवरीचं लग्न आणि शेताचं पिकणं या एकाच गोष्टीच्या दोन बाजू म्हणून त्या भिंतीवर येतात. ते चित्र जपून ठेवायचंही नसतं. धुराने काळं पडतं, पुढच्या सारवणात जातं, पुढच्या लग्नाला नवीन.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे पोहोचले, त्यांनी गावकऱ्यांना कागद आणि रंग दिले. जिव्या सोमा म्हसे यांनी विधीशिवाय, लग्नाशिवाय, रोज चित्रं काढायला सुरुवात केली, जी तोपर्यंत बायकांची गोष्ट होती. त्यांच्या जाळ्यातल्या माशांची, मुंग्यांच्या वारुळाची, शेतातल्या कामाची चित्रं जगभर गेली, 2011 ला पद्मश्री मिळाली, 2018 ला ते गेले. त्यांच्या चित्रात एक गोष्ट बघा, रेषा कधी गप्प बसत नाही, मासे थरथरतात, पानं हलतात, सगळं चालू असतं. हे त्यांनी भिंत सोडली म्हणून शक्य झालं, त्यामुळे जुनं ते शुद्ध आणि कागदावरचं ते बाटलेलं असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पाड्यावरच्या पोरांना त्यातून दोन पैसे मिळाले, 2014 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, या भागाची खास कला म्हणून सरकारी नोंद, ते पण मिळालं.

पण आमच्या कंपाउंड वॉलवर जे आहे ते तिसरंच काहीतरी आहे. रंगाऱ्याने मोबाइलवर बघून तारपा नाच काढलाय. खऱ्या नाचात तारपा वाजवणारा मधे असतो, नाचणारे त्याला पाठ दाखवत नाहीत, त्याच्या सुरावर वळतात, आणि ती रांग गुंडाळत जाते, एक टोक मोकळं असतं. आमच्याकडे कंपासने गोल काढून बंद केलाय आणि तारपावाला बाहेर राहिलाय, कोपऱ्यात, मीटर बॉक्सच्या वर. बिचारा वाजवतोय. या भिंतीला शेण लागत नाही, भात लागत नाही, लग्नही लागत नाही, तिला लागतो तो फक्त अ‍ॅपेक्स रंगाचा डबा, आणि ती बांधताना मागच्या बाजूची जांभळं गेली तेव्हा कुणाला पालघट आठवायचं कारणच नव्हतं.

सगळंच गेलंय असं नाही. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, त्याआधी पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या, रंगवायच्या, जाळी दुरुस्त करायची, समुद्रात जायचं नाही. तोच मासळीच्या विणीचा काळ. आता सरकारी बंदी 1 जून ते 31 जुलै अशी असते, पौर्णिमा त्याच्या नंतर कधीतरी येते, आणि मोठ्या ट्रॉलरवाल्यांना कोणती पौर्णिमा आणि कोणती अमावस्या, त्यामुळे चेंदणीच्या छोट्या होडीवाल्याने अट पाळून उपयोग काय हा त्याचा प्रश्नही बरोबरच आहे. अट पाळायची तर सगळ्यांनी, नाहीतर पाळणाराच मूर्ख ठरतो.

आणि कधीकधी उलटंही होतं, चित्रामुळे झाड वाचतं. वटपौर्णिमेला जांभळी नाक्यावर वडाच्या फांद्यांचे ढीग येतात, तोडून आणलेले. माझ्या सासूबाई पाटावर चंदनाने वड काढतात, खोड, पारंब्या, चार पानं, आणि त्यालाच सूत गुंडाळतात. मी म्हटलं, “आई, हे चालतं का?” तर म्हणाल्या, “अरे मला न चालायला काय झालं, वडाला विचार.” देवाचं चित्र काढायचं तर प्रतिमा कमअस्सल असं आपल्याला शिकवलंय, पण इथे खऱ्या फांदीपेक्षा काढलेला वड जास्त खरा ठरतो, निदान वडाच्या बाजूने.

गौरींचं बघा. कुणाकडे उभ्याच्या मुखवट्याच्या, साड्या, दागिने, लायटिंग. कुणाकडे तेरड्याच्या, म्हणजे रानातून आणलेली तेरड्याची रोपं हीच देवी, कोकणात आणि आगरी घरांत खूप ठिकाणी. कुणाकडे खड्याच्या, पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणायचे, येताना बोलायचं नाही. कलेच्या दृष्टीने खडा म्हणजे शून्य, नाही नाक ना डोळे. पण त्यासाठी पाणवठा असावा लागतो. तेरड्यासाठी रान असावं लागतं. मुखवट्याच्या गौरीला फक्त कपाट लागतं. आता फ्लॅटमधे खडे कुठून, तर गच्चीच्या कामासाठी आणलेल्या खडीतून आणि नळाखाली धुऊन, असं मी स्वतः पाहिलंय. गणपतीच्या एकवीस पत्रींतही बेल, आघाडा, माका, डोरली, धोत्रा, शमी, हादगा अशी रस्त्याकडेची आणि बांधावरची झाडं भरलेली आहेत, ती ओळखता यावीत म्हणून पोरं आदल्या दिवशी हिंडायची. त्यात एक देवदारही आहे, तो हिमालयातला, ठाण्यात कुणी कधी तोडला असेल माहीत नाही. आज जुडी वीस-तीस रुपयांत मिळते आणि आतली पानं कसली हे विकणारीलाही नक्की सांगता येत नाही.

मूर्तीचं मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे धर्म, कला आणि रसायनशास्त्र तिन्ही एका बादलीत येतात. गणपतीची पूजा ही पार्थिव पूजा. माती घ्यायची, आकार द्यायचा, प्राणप्रतिष्ठा करायची, पूजा झाली की उत्तरपूजा करून प्राण काढून घ्यायचा आणि माती परत पाण्यात. मोडण्यासाठीच घडवायची अशी ही कला आहे, रांगोळीसारखी, वारली चौकासारखी. त्यातली अट म्हणजे परत जाता आलं पाहिजे.

प्लास्टर ऑफ पॅरिस ती अट मोडतं, आणि ते का हे साधं आहे. पीओपी म्हणजे जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलेली पावडर. त्यात पाणी घातलं की ते पाणी पिऊन ती पुन्हा जिप्सम होते आणि दगडासारखी धरते. म्हणजे साच्यातून निघालेली मूर्ती हा जिप्समचा दगडच. जिप्सम पाण्यात विरघळतं, पण एका लिटरमधे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, त्यामुळे तलावात ती महिनोन्महिने तशीच, रंग तेवढे सुटत राहतात. शाडूचं तसं नसतं, तिच्या कणांना फक्त वाळण्याने धरलेलं असतं, पाणी मिळालं की काही तासांत चिखल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर घरगुती उपाय काढला, बेकरीवाले बिस्किटात घालतात तो अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात टाकायचा, त्यात पीओपीची मूर्ती ठेवायची, अधूनमधून ढवळायचं. दोनेक दिवसांत, मूर्ती मोठी असेल तर जास्त, खाली खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वर राहतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, जे पातळ करून झाडांना खत म्हणून घालता येतं. हुशार उपाय आहे. वासाची तयारी ठेवा.

शाडूवाल्यांनीही फार कॉलर ताठ करू नये. बरीचशी शाडू गुजरातेतून ट्रकने येते, खाणीतून काढलेली, ती काही आपल्या तलावाची माती नाही, आणि शेकडो मूर्तींची शाडू एकाच छोट्या तलावात गेली तर तळ भरणारच. ठाण्यात एकेकाळी साठेक तलाव होते असं जुने लोक सांगतात, आता पस्तीसेक उरलेत. कृत्रिम तलाव त्यासाठीच आले. घरच्या बादलीत विसर्जन करून तीच माती पुढच्या वर्षी वापरणं हे मला सगळ्यात पार्थिव वाटतं, आणि ते करणारी घरं आता आमच्या मजल्यावर दोन झाली.

शेवटी नवी मुंबई, कारण तिथे देवाशिवायचा प्रयोग चालू आहे. फ्लेमिंगो सिटी म्हणून शहराने स्वतःचं नाव लावून घेतलं, चौकाचौकात गुलाबी पुतळे, अंडरपासमधे गुलाबी पंख. पक्षीही खरे आहेत, साधारण नोव्हेंबर ते मे खाडीत हजारोंनी असतात. 2015 मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, 65 चौरस किलोमीटरच्या आसपास. ही अटच आहे, फक्त देवाच्या जागी राजपत्र. पण ओहोटीला चिखलात चरणारे पक्षी भरती आली की आत येतात, नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांत टेकायला, आणि त्या जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर. तिथे पुतळा आहे की नाही याने पक्ष्याला फरक पडत नाही, पाणी येतं की अडवलंय याने पडतो.

बरं, ते इतक्या संख्येने इथे का आले, तर अभ्यासक सांगतात की खाडीत आपण सोडलेल्या सांडपाण्याने नीलहरित शेवाळ माजलं आणि लहान जातीच्या (लेसर) फ्लेमिंगोचं खाणंच ते. त्याच शेवाळातल्या रंगद्रव्यांनी पिसं गुलाबी होतात. म्हणजे भिंतीवरच्या त्या गुलाबीत आपल्या फ्लशचाही वाटा आहे. उद्या सगळं पाणी नीट शुद्ध करून सोडलं तर शेवाळ कमी होणार, आणि सांडपाणी असंच वाढत गेलं तर एका हद्दीनंतर पाण्यातला ऑक्सिजन संपून बाकी सगळंच मरणार. आता यातलं नक्की काय आणि कुठल्या अंडरपासमधे रंगवायचं, हे मला तरी सुचत नाही.